तीस ग्रॅम

गिरासे मॅडमनी धुळ्याहून खोकं आणलं.
पुढे पिवळ्या पाकळ्यांचा डोंगर, मागे आकड्यांचं कोष्टक.
मी प्रयोगशाळेचा शिपाई. मला एवढंच विचारलं,
नालचुंबक जागेवर आहे ना?

होता. चोवीस वर्षं त्याच खणात,
टोकांना पट्टी न लावता पडलेला.
टाचणीसुद्धा विचार करून उचलायचा.

नववी ब. मार्केटात मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या,
दोंडाईच्याचा सगळा खकाणा खिडकीतून आत.
शिंकत शिंकत यामिनी बागूलने वाचलं:
लोह. फॉलिक आम्ल. जीवनसत्त्व ब बारा. ड.
मग बारीक अक्षरात साखर,
त्याहून बारीक अक्षरात मीठ.
"हे शंभर ग्रॅमचं," मॅडम म्हणाल्या,
"आणि एक वाढणी तीस ग्रॅमची."

तीस ग्रॅम मी तराजूवर मोजले.
बशीचा तळही झाकला नाही.
शेवटच्या बाकावरून आवाज आला,
"हाई ते चिडीनं जेवन शे!"
मॅडमही हसल्या, मग हसल्या नाहीत असं केलं.

खलात कुटलं, कोमट पाणी घातलं,
चुंबक पिशवीत गुंडाळून ढवळत राहिलो.
दहा मिनिटं. घड्याळ लावून.
बाहेर काढला तर जसा गेला तसाच आला.
मॅडमनी खोक्याकडे पाहिलं,
उसने घेऊन फोन न उचलणाऱ्या मेव्हण्याकडे पाहावं तसं.

यामिनी उभी राहिली.
"मॅडम, आमना गिरणीमा शे. मोठा."

परत आली तेव्हा भुवयांपर्यंत पीठ,
कुशीत विटेएवढा काळा ठोकळा.
म्हणाली, धान्याबरोबर काहीही येतं,
खिळे, कोयत्याची कपची, सायकलचे छर्रे,
एकदा कुणाच्या तरी कुलपाची किल्ली आली होती.
हा तोंडाशीच अडवतो.

तो बुडवला. ढवळला.
या वेळी पिशवीला चिकटून वर आली
काळी लव,
मांजराच्या नाकावर असते तेवढीच.

वर्ग गप्प.
दर सोमवारी निळी गोळी जिभेखाली धरून
नळाशी थुंकणारी ही पोरं.
मागच्या शिबिरात यामिनीचं रक्त
सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं,
आठ पूर्णांक नऊ.
ती लवेकडे बघत होती,
घरातलं कुणी बाजारात अचानक भेटावं तशी.

"खरं लोखंड आहे," मॅडम म्हणाल्या,
"पोटातल्या आम्लात विरघळतं, रक्ताला लागतं. खोटं नाही यात."
"मॅडम, मना बाप लोखंड काढस,
नि हाऊ खोकावाला टाकस.
जास्ती पैसा कोनले भेटस?"

मॅडमनी खडू उचलला, परत ठेवला.
तोवर यामिनीने खोकं उलटं करून किंमत शोधली होती.
एकशे ऐंशी.
ओठ हलवत तिने भागाकार केला.
"छत्तीस किलो दळण," ती म्हणाली, आणि खाली बसली.

लव मी कागदात बांधली, वर तारीख घातली,
जुन्या चुंबकाशेजारी ठेवली.
उरलेलं खोकं पोरांनी कोरडंच संपवलं,
दूध कुठून आणणार.

ठोकळा गिरणीत पोचला साडेचारला.
मधल्या अडीच तासांत रमण बागूलने
आमच्या गल्लीची दादर दळली होती,
थोडी कळण्याचीही.

रात्री ठेच्याबरोबर दुसरी भाकरी मोडली,
दाढेखाली कच्च वाजलं.
बायको म्हणाली, "पाट्याला टाकी लावली असंल आज."
असेल, म्हटलं.
तिला काय सांगणार?
घास फिरवून फिरवून चावला,
आणि गिळला.